बांध कोणाचा, खार कोणाच्या पदराला?

एम.ए.च्या वर्गाला 'साहित्य आणि बांधिलकी' हा घटक आम्ही दोघे गेली अठरा वर्षे आलटूनपालटून शिकवत आहोत. बांधिलकी कोणाशी, किती आणि कोणी ठरवलेली, हे प्रश्न फळ्यावर मांडायचे, दोन्ही बाजूंची मते सांगायची आणि तास संपता संपता निर्णय विद्यार्थ्यांवर सोपवायचा, असा आमचा परिपाठ. २०१९च्या पावसाळ्यात हाच घटक चालू असताना आमच्यापैकी एकीच्या माहेराहून, पेण तालुक्यातल्या खारेपाटातून, दूरध्वनी आला. दादा एवढेच म्हणाले, "बाय, खांड गेली. जमलं तर या दोघं." आम्ही तास पूर्ण केला. दुसऱ्या दिवसापासून अंतर्गत परीक्षा होत्या, घाट उतरून जाणे जमण्यासारखे नव्हते. म्हणून आम्ही पाच हजार रुपये पाठवले आणि आपल्या परीने कर्तव्य केले असे मानून निजलो. त्या पाच हजारांचा हिशेब आम्हांला अजून लागलेला नाही. तो लागावा म्हणून हे लेखन.

कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. धरमतर खाडीच्या दोन्ही अंगांना, पेण आणि अलिबाग तालुक्यांत, समुद्राकडून मागून घेतलेली भातजमीन पसरली आहे, तो खारेपाट. इथे भरतीचे पाणी शेताच्या पातळीहून उंच चढते. शेत आणि खाडी यांच्यामध्ये उभा असतो तो चिखलमातीचा बांध, आणि त्या बांधात ठिकठिकाणी बसवलेल्या उघाड्या. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघाडीचे दार उघडते आणि पावसाचे पाणी जमिनीतला क्षार धुऊन खाडीत नेते. भरतीला बाहेरच्या दाबाने तेच दार आपोआप मिटते. काळा राता, भुरा राता यांसारखी खारे सोसणारी जुनी भाते आणि पुढे पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने काढलेले वाण यांच्या बळावर इथे वर्षाला एक पीक येत आले. बांधाला पडलेले भगदाड म्हणजे खांड. खांड पडली की दिवसातून दोनदा भरती तिच्यातून आत येते, दोनदा ओहोटी तिच्यातून बाहेर जाते, आणि प्रत्येक खेपेला तिचे काठ खचत जातात. पहिल्या ओहोटीला दहा माणसे जी खांड बुजवतील, ती आठवड्याने शंभरांना आटोपत नाही. दादांच्या हिशेबाने खारे पाणी शेतात एकदा उभे राहिले की तीन पावसाळे ते शेत विसरायचे. तेव्हा बांधाच्या बाबतीत पैसा किती यापेक्षा तो कधी आला, हे अधिक महत्त्वाचे ठरते. आमचे पाच हजार तिसऱ्या दिवशी पोचले होते.

'पदराला खार लागणे' हा वाक्प्रचार आपण सर्वच वापरतो. त्यातली खार मुळात कोणती, याविषयी व्युत्पत्तीचा दावा आम्ही करणार नाही. पण खारेपाटात तो शब्दशः खरा होतो, एवढे नमूद करावेसे वाटते. बांधाला खार लागली की ती कोणाच्या ना कोणाच्या पदराला लागणारच. प्रश्न आहे तो कोणाच्या, हा.

दादांच्या तरुणपणी या प्रश्नाचे उत्तर 'जोळ' हे होते. बांधाच्या आतल्या सर्व खातेदारांनी मिळून बांध राखायचा, त्या व्यवस्थेला जोळ म्हणत. उन्हाळ्यात बांधावर माती चढवायची, पावसाळ्यात उधाणाच्या रात्री कंदील घेऊन फेरी मारायची, खेकड्याने पाडलेले भोकही दिसले तर तिथल्या तिथे बुजवायचे. घरटी एक माणूस. जो येणार नाही त्याला दंड. दादांकडे या कामाची एक जुनी वही आहे. तीत नावांपुढे 'हजर', 'गैरहजर' अशा नोंदी आहेत, क्वचित कुठे 'आजारी'. बायकांची नावे नाहीत, मात्र मातीच्या टोपल्या वाहणाऱ्यांत निम्म्या बायका असत, असे आई सांगे. वहीने जे नोंदवले नाही तेही बांधात गेलेलेच होते.

ग्रामीण साहित्य शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांना इथे थांबून गहिवरून येण्याचा मोह फार. गाव एकत्र होते, मग सरकार आले आणि सारे बिघडले, ही गोष्ट सांगायला सोपी आणि ऐकायला गोड आहे. पण जोळीच्या मागे जाऊन पाहिले की तिची दुसरी बाजू दिसते. जुन्या कुलाबा जिल्ह्यात खाजणे बांधून काढलेल्या जमिनींची 'शिलोत्री' नावाची वेगळी वहिवाट होती. १८८३च्या गॅझेटियरमध्ये तिची माहिती आहे. बांध राखण्याची जबाबदारी शिलोत्रीदाराची. त्यासाठी तो नेहमीच्या सारेदेण्याखेरीज कुळांकडून 'शिलोत्री मण' म्हणून जादा भात घेई. म्हणजे बांधाचा खर्च भरणारा एक, त्या खर्चाचा हिशेब ठेवणारा दुसरा आणि जमिनीवर हक्क सांगणाराही तो दुसराच. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी १९३३ साली शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्ध संप पुकारला आणि तो १९३९पर्यंत चालवला, त्यामागे हीच सल होती. बांधावर माती आमची, घाम आमचा, आणि शेत मात्र आमचे नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या शेतकऱ्यांची बाजू घेतली आणि १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. तेव्हा जोळीची आठवण काढताना, ती स्वेच्छेची बांधिलकी होती की बांधलेपण होते, हे आधी विचारले पाहिजे. बहुधा ती दोन्ही होती.

पुढे खोती गेली. १ एप्रिल १९५७च्या कृषकदिनाने कुळे मालक झाली. पण खोताबरोबर बांधाची जबाबदारी ज्याच्या गळ्यात होती तो माणूसही गेला, आणि एकर-दोन एकरांचे असंख्य मालक उरले. १९४८च्या मुंबई खारजमीन कायद्याने बांधांसाठी मंडळ स्थापन केले, त्यात खर्चाचा काही वाटा जमीनधारकांनी उचलायचा होता. १९७९च्या कायद्याने या योजनांचा भार प्रामुख्याने शासनाकडे गेला. हा बदल न्याय्यच होता, असे आमचे मत आहे. ज्यांच्या तीन पिढ्यांनी दुसऱ्याचा बांध राखला, त्यांच्यावर स्वतःच्या बांधाचा सगळा बोजा टाकणे हे स्वातंत्र्याचे विचित्र फळ ठरले असते. मात्र या बदलात एक गोष्ट निसटली. खर्च शासनाकडे गेला, त्याबरोबर बांध 'सरकारी' झाला. दादा म्हणतात, "पूर्वी भोक दिसलं की माणूस खाली वाकायचा. नंतर भोक दिसलं की माणूस अर्ज लिहायचा."

२०१९ साली अर्जच लिहिला गेला. संबंधित कार्यालयातून माणूस आला, त्याने खांडीचे माप घेतले आणि अंदाजपत्रक वर पाठवले. त्या माणसाला आम्ही दोष देत नाही. अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, निधी, निविदा या पायऱ्या त्याने निर्माण केलेल्या नव्हत्या, आणि सार्वजनिक पैसा खर्च करताना अशा पायऱ्या असायलाच हव्यात. पण भरती निविदेची वाट पाहत नाही. गावाने एकरी वर्गणी काढली. निम्म्याहून अधिक खातेदार गावात नव्हतेच. कोणी ठाण्याला, कोणी पनवेलला, कोणी आमच्यासारखे घाटावर. बऱ्याच जणांनी पैसे पाठवले. माणसे मात्र थोडी आली, आणि आली ती बहुतेक साठीपुढची. यंत्र भाड्याने घ्यावे तर पावसाळी चिखलात ते बांधापर्यंत जाईना. खांड दिवाळीपर्यंत तशीच राहिली. मंजुरी आली तोवर तिची रुंदी अंदाजपत्रकातल्या मापाच्या कितीतरी पुढे गेली होती, म्हणून माप पुन्हा घ्यावे लागले.

पुढच्या पावसाळ्यात आम्ही गेलो तेव्हा शेतात तिवराची रोपे उगवलेली दिसली. वीतभर उंच, तजेलदार, पाहताना सुंदरच. खारे पाणी शिरले की त्यामागून खारफुटी येते. मुंबई उच्च न्यायालयाने २००५च्या आदेशाने आणि पुढे २०१८च्या निकालाने खारफुटीच्या तोडीला बंदी केली. मुंबईच्या किनाऱ्यावर ज्या वेगाने तिवरांची कत्तल चालली होती ती पाहता ही बंदी अत्यंत आवश्यक होती, आणि पर्यावरणाविषयी लिहिताना-बोलताना आम्ही तिचे नेहमी समर्थन केले आहे. आता तीच रोपे आमच्या बांधावर नव्हे, बांधाच्या आत, भाताच्या शेतात उभी होती. ती उपटावीत तर कायद्याचा प्रश्न. न उपटावीत तर जमीन सातबाऱ्यावर शेत आणि प्रत्यक्षात खाजण. खांड वेळेवर न बुजल्याचा खर्च हा असा चुकता होतो. तो कोणत्याही अंदाजपत्रकात नसतो. दादांनी रोपांकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "यांचा काय दोष?"

हे सर्व आम्ही एकदा प्राध्यापक-कक्षात सांगितले तेव्हा अर्थशास्त्राच्या एका सहकाऱ्यांनी विचारले, "सर, मॅडम, भरतीच्या पातळीखालची जमीन कसायचे तुम्ही ठरवलेत, तिच्या रक्षणाचे पैसे दुष्काळी भागातल्या करदात्याने का द्यावेत?" प्रश्न बोचरा असला तरी रास्त आहे, आणि 'शेतकरी अन्नदाता आहे' असे म्हणून तो टाळता येत नाही. आमचे उत्तर असे, की हा प्रश्न विचारायचाच तर मुंबईपासून विचारावा. महालक्ष्मी आणि वरळी यांमधली खिंड बुजवणारा अठराव्या शतकातला हॉर्नबी वेलार्ड हा बांधच होता. भरतीचे पाणी त्याने अडवले म्हणून शहराच्या मध्यभागी राहण्याजोगी जमीन झाली. मरीन ड्राइव्ह हा भरावावर उभा आहे. तिथल्या समुद्रभिंतीची डागडुजी करताना समोरच्या इमारतींतून चौरस फुटामागे वर्गणी गोळा केल्याचे आम्ही ऐकलेले नाही. तिथे ती सार्वजनिक मालमत्ता असते आणि खारेपाटात मात्र ती 'लाभधारकांची' होते. हा फरक बांधांतला नाही, बांधामागे राहणाऱ्यांतला आहे. शिवाय खारेपाटातला बांध केवळ भात राखत नाही. गावची विहीर, रस्ता, शाळा, घराचे जोते हेही त्याच बांधाच्या आत असते.

आणि जे बांध झिजवतात त्यांचे काय? धरमतर खाडीतून मालवाहू बार्जांची ये-जा असते. त्यांच्या लाटांनी बांधांचे पाय उकरले जातात, ही शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे. नेमके किती नुकसान लाटांनी आणि किती उधाणांनी, हे आमच्यासारख्या भाषेच्या माणसांनी ठरवू नये. ते मोजणारे शास्त्र आहे, ते त्याने मोजावे. पण खाडी ज्याच्या नफ्याची वाट आहे, त्याने त्या वाटेच्या काठांसाठी काही देऊ नये, याला न्यायबुद्धीत आधार सापडत नाही.

असे असले तरी, पैसे देणाऱ्याच्या हाती बांध सोपवण्यातही धोका आहे. तो शेजारच्या गोव्यात पाहायला मिळतो. तिथल्या खाजन शेतीत उघाडीला मानस म्हणतात. बांधांची व्यवस्था पूर्वी गावकारीकडे होती, १९६४च्या कूळकायद्यानंतर ती कुळांच्या संघांकडे आली. मानशीवर मासे धरण्याच्या हक्काचा लिलाव करायचा आणि त्या उत्पन्नातून बांध राखायचा, ही तिथली चतुर युक्ती. भात, मासे आणि बांध एकमेकांचा खर्च भागवतात. पण भाताला गोडे पाणी हवे आणि माशाला खारे. लिलावाची बोली वाढली तशी ठेकेदाराची नजर माशावर राहिली, दार अवेळी उघडे राहू लागले आणि खारे पाणी शेतात शिरू लागले, अशा तक्रारी तिथे वर्षानुवर्षे आहेत. तात्पर्य, जो पैसा देतो तो हळूहळू दाराचाही मालक होतो. म्हणून खाडी वापरणाऱ्यांकडून वसुली व्हावी, पण ती थेट गावाला दिलेल्या देणगीच्या रूपाने नव्हे. ती कायद्याने ठरलेला आकार म्हणून सामाईक निधीत जावी, म्हणजे उपकार कोणाचाच राहणार नाही.

सामाईक निधी म्हटला की नेदरलँड्सची आठवण अपरिहार्य. तिथे बांध आणि पाणी राखणारी जलमंडळे तेराव्या शतकापासून आहेत. आज ती २१ आहेत, त्यांची स्वतंत्र निवडणूक होते आणि ती स्वतःचा कर बसवतात. १९५३च्या फेब्रुवारीत समुद्र आत शिरून तिथे १,८३६ माणसे दगावली, त्यानंतर खाड्यांची मुखे अडवण्याचे प्रचंड काम देशाच्या तिजोरीतून झाले. पण रोजचा बांध आणि त्याचा कर स्थानिक मंडळाकडेच राहिला. या व्यवस्थेचे गोडवे गाणाऱ्यांनी तिथल्या मध्ययुगीन किनाऱ्यावरचा एक कठोर रिवाजही लक्षात ठेवावा. ज्याला आपल्या वाट्याचा बांध राखणे परवडत नसे, तो बांधात फावडे खुपसून निघून जाई; जो ते फावडे उपटेल त्याची जमीन आणि त्याचाच बांधाचा भार. ही गोष्ट प्रथम वाचली तेव्हा आम्हांला ती परक्या देशाची वाटलीच नाही. आज खारेपाटात किती तरी फावडी अशी खुपसलेली आहेत. फक्त ती उपटणाऱ्याला बांध राखायचा नसतो, त्याला जमीनच हवी असते.

आमच्या जमिनीलाही गिऱ्हाईक आले आहे. गेल्या वर्षी एक मध्यस्थ दादांकडे दोनदा येऊन गेला. भाताचे उत्पन्न पाहता तो सांगतो ती रक्कम अवास्तव मोठी आहे. भावाला विकायचे आहे, आणि त्याला दोष देण्याचा आम्हांला अधिकार नाही, कारण उधाणाच्या रात्री बांधावर तो गेलेला आहे, आम्ही नाही. आमच्यापैकी एकीची सही लागणार आहे. 'सामाजिक बांधिलकी' या घटकाच्या टिपणांत या सहीविषयी काही नाही.

एवढ्या काळात आमचे मत जे बनले ते असे. मुख्य बांध उभारण्याचा आणि राखण्याचा मोठा खर्च शासनानेच करावा. २०२१ ते २०२६ या काळासाठीच्या पंधराव्या वित्त आयोगाने धूप रोखण्याच्या कामांसाठी आपत्ती-सौम्यीकरण निधीतून तरतूद सुचवली होती, म्हणजे हा सार्वजनिक खर्च आहे हे तत्त्व नवे नाही. खाडीचा धंद्यासाठी वापर करणाऱ्यांनी त्यात कायद्याने वाटा द्यावा. पण पहिल्या ओहोटीला खांड बुजवण्यापुरती रक्कम पावसाळ्यापूर्वीच गावाच्या हाती असावी, खर्चाचा हिशेब नंतर घ्यावा, आणि ती खर्च करण्याचा अधिकार जे बांधाजवळ राहतात त्यांचा असावा, सातबाऱ्यावर केवळ नाव असलेल्यांचा नव्हे. राहता खातेदार श्रम देतो, नजर देतो. त्याच्याकडून पैसा कमी घ्यावा. आमच्यासारख्या दूरच्या, पगारदार खातेदारांकडून मात्र दुप्पट घ्यावा. पाच हजार म्हणजे आमच्या नजरेची किंमत आम्हीच ठरवली होती, आणि ती फार कमी ठरवली होती.

यंदा मेच्या सुटीत आम्ही आठ दिवस गावी होतो. बांधाची खांड आता बुजवलेली आहे. काम बरे झाले आहे. आतल्या जमिनीपैकी काही परत भाताखाली येईल, काही येणार नाही. नव्या बांधाच्या जरा पुढे जुना भाग खचलेला दिसला, म्हणून दादांनी चार माणसे बोलावली, आणि आम्हीही टोपल्या उचलल्या. दोन तासांत आमची पाठ धरली. आम्ही घातलेली माती किती टिकेल याविषयी दादांनी काही मत दिले नाही. संध्याकाळी त्यांनी ती जुनी वही काढली. मधली कैक वर्षे कोरी होती. २०१९चे एक पान मात्र भरलेले होते. त्यात आमच्या नावापुढे 'रोख' असे लिहिले होते. त्याच्याखाली त्यांनी आजची तारीख टाकली, चौघांची नावे लिहिली, मग आमची लिहिली, आणि शेरा लिहिण्याआधी चष्म्यातून वर पाहून विचारले, "सहीचं काय ठरवलंत?"

अजून आम्ही त्यांना उत्तर दिलेले नाही.